एका शास्त्राची शिवी

अमेरिकेचे दुसरे राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स निवृत्तीनंतर मॅसॅच्युसेट्समधल्या क्विन्सी गावी राहत, भरपूर वाचत आणि त्याहून जास्त पत्रे लिहीत. १८१३ च्या जुलैमध्ये थॉमस जेफरसनला लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी चक्क नेपोलियनची पाठ थोपटली. क्रान्तीच्या काळात फ्रेंच पंडितांनी मांडलेल्या योजनांबद्दल आपले जे मत होते, ते नेमके सांगणारा एक शब्द या माणसाने नुकताच शोधून काढला आहे, असे त्यांनी लिहिले. शब्द होता ‘आयडिऑलॉजी’.

तीन वर्षांनी जेफरसनच्या पत्रात तोच शब्द पुन्हा आला, पण आदराने. एका फ्रेंच विद्वानाने या विषयावर तीन खंड लिहिले आहेत आणि तो आजच्या काळातला मोठा विचारवंत आहे, असे जेफरसनचे म्हणणे. एक्क्याऐंशी वर्षांच्या अ‍ॅडम्सना हसू आवरेना. १६ डिसेंबर १८१६ च्या उत्तरात त्यांनी प्रश्नांची सरबत्ती केली. हे नेमके कसले शास्त्र? मूर्खपणाचे? वेडाचे? भ्रमिष्टांच्या बडबडीचे? की स्वतःवरच्या प्रेमाचे आणि पोकळ अहंकाराचे? बोनापार्टच्या तोंडून हा शब्द ऐकला तेव्हा आपल्याला फार आनंद झाला होता, कारण न कळणाऱ्या गोष्टींचा माणसाला नेहमीच आनंद होतो, अशी मखलाशीही त्यांनी केली. जेफरसनने जानेवारीत त्या खंडांची रीतसर ओळख करून दिली. पण त्याच पत्रात, ज्याचा व्यवहारात लगेच उपयोग होत नाही असे निव्वळ अमूर्त लेखन वाचायला आपल्याला फारसे आवडत नाही, हेही त्याने प्रांजळपणे सांगून टाकले.

अ‍ॅडम्सचा एक गैरसमज होता. हा शब्द नेपोलियनने घडवलेला नव्हता, नेपोलियनने तो बदनाम केला होता. आणि शब्दाचा अर्थ अटलांटिक ओलांडून येण्याआधी त्याची बदनामी येऊन पोचली होती.

शब्द घडवणाऱ्याचे नाव आंत्वान देस्त्यूत द त्रासी. जन्म १७५४ चा. मूळ स्कॉटिश रक्ताचे, पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात चाकरी केलेले हे सरदार घराणे. त्रासी स्वतः घोडदळातला अधिकारी होता. १७८९ मध्ये राजाने बोलावलेल्या सभेत तो सरदारवर्गाचा प्रतिनिधी म्हणून गेला आणि क्रान्तीच्या बाजूने उभा राहिला. पुढे क्रान्ती जहाल झाली. त्याचा सेनापती आणि मित्र लाफायेत सरहद्द ओलांडून निघून गेला, पण त्रासी गेला नाही. पॅरिसजवळच्या ओतॉय गावी घर घेऊन तो रसायनशास्त्र वाचत बसला. नोव्हेंबर १७९३ मध्ये त्याला तिथूनच पकडून नेले.

आधी आबे, मग कार्म, असे दोन तुरुंग त्याच्या वाट्याला आले. कार्म हा मुळात जोगड्यांचा मठ. १७९२ च्या सप्टेंबरमध्ये तिथे शंभराहून अधिक पाद्र्यांची कत्तल झाली होती. याच मठात १७९४ च्या उन्हाळ्यात जोसेफीन द बोआर्ने नावाची एक बाईही कैदेत होती. पुढे ती फ्रान्सची सम्राज्ञी होणार होती. तिचा नवरा अलेक्सांद्र याला २३ जुलैला, म्हणजे क्रान्तीच्या पंचांगातल्या ५ थर्मिडोरला, कार्ममधल्या इतर अनेकांबरोबर गिलोटिनवर नेण्यात आले. त्याच दिवशी त्रासीने आपल्या वाचनाचे सार बीजगणितातल्या समीकरणासारखे मांडून कागदावर उतरवले. कोठडीत तो जॉन लॉक आणि कॉन्दियाक वाचत होता. त्याच्या स्वतःच्या खटल्याची तारीख ११ थर्मिडोर ठरलेली होती. ९ तारखेला दहशतीचा सूत्रधार रोबेस्पिएर कोसळला आणि दोन दिवसांच्या फरकाने त्रासी वाचला.

कॉन्दियाकमध्ये असे काय होते? कॉन्दियाक स्वतः पाद्री, पण त्याचे तत्त्वज्ञान चर्चला पेलणारे नव्हते. माणूस जन्माला येताना कोणतीही कल्पना बरोबर आणत नाही, सारे ज्ञान अनुभवातून येते, हे लॉकने १६९० मध्ये मांडले होते. कॉन्दियाकने १७५४ च्या ग्रंथात हे शेवटपर्यंत ताणले. त्याने संगमरवराच्या एका पुतळ्याची कल्पना केली. आतून हुबेहूब माणसासारखा, पण एकही संवेदना नसलेला. त्याला फक्त नाक दिले आणि गुलाब हुंगवला. आता त्या पुतळ्याच्या लेखी जग म्हणजे तो वास, आणि तो स्वतःही म्हणजे तो वासच. मग दुसरा वास, त्यातून स्मृती, स्मृतीतून तुलना, तुलनेतून इच्छा. असे एकेक इंद्रिय जोडत कॉन्दियाकने त्या दगडातून सगळे मन उभे केले. जन्मजात कल्पनांची गरज कुठेच पडली नाही.

त्रासीला यात शास्त्र दिसले. कल्पना जर अशा रीतीने, नियमाने, इंद्रियांतून घडत असतील, तर त्या कशा घडतात हे तपासता येईल. चुकीची कल्पना कुठे घुसली तेही शोधता येईल. मग व्याकरण, तर्क, शिक्षण, नीती, कायदा, अर्थशास्त्र हे सगळे एका पायावर रचता येईल. नुकताच दहशतीचा काळ सोसून बाहेर आलेल्या पिढीला या आशेचे आकर्षण किती असेल, हे ओळखायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. एकीकडे पाद्र्यांचे राज्य, दुसरीकडे भडकलेल्या जमावाचे. या दोन्हींमधून सुटायचा रस्ता विचारांच्या तपासणीतून जातो, असे या मंडळींना मनापासून वाटत होते.

ऑक्टोबर १७९५ मध्ये नव्या सरकारने राष्ट्रीय इन्स्टिट्यूट स्थापन केली. पॅरिसवासी सभासद १४४. त्यांचे तीन वर्ग. पहिला निसर्गविज्ञान आणि गणिताचा, तिसरा साहित्य आणि कलांचा, आणि मधला, ३६ जणांचा, नैतिक आणि राजकीय शास्त्रांचा. या मधल्या वर्गाचे सहा विभाग होते आणि पहिल्या विभागाचे नाव होते ‘संवेदना आणि कल्पना यांचे पृथक्करण’. त्रासी इथे निबंध वाचू लागला. १७९६ मध्ये त्याने या नव्या शास्त्राला नाव सुचवले. ‘मेटाफिजिक्स’ म्हणावे तर त्या शब्दाला फार वाईट दिवस आले होते. ‘सायकॉलॉजी’ म्हणावे तर त्यात आत्मा येतो, आणि आत्म्याबद्दल आपल्याला काही ठाऊक आहे असा आव त्रासीला आणायचा नव्हता. म्हणून त्याने ग्रीक ‘इदेआ’ला ‘लोगोस’ जोडला आणि फ्रेंच ‘इदेओलोजी’ तयार केला, अर्थ कल्पनांचे शास्त्र. ज्या शब्दावरून पुढे दोनशे वर्षे माणसे एकमेकांच्या उरावर बसली, तो सुरुवातीला इतका सोवळा होता. हे शास्त्र प्राणिशास्त्राचा एक भाग आहे, असे त्रासी म्हणे.

या मंडळींचा अड्डा ओतॉयमध्ये, मादाम एल्वेसियसच्या घरी. ही तत्त्वज्ञ एल्वेसियसची विधवा. अमेरिकेचा वकील म्हणून आलेल्या बेंजामिन फ्रँकलिनने म्हातारपणी तिला लग्नाची मागणी घातली होती आणि तिने ती हसून नाकारली होती. तिच्या घरी डॉक्टर काबानिस राहत असे. क्रान्तीचा पुढारी मिराबो याच्या अखेरच्या आजारात त्याच्यावर उपचार करणारा तो हाच. पोट जसे अन्न पचवते तसा मेंदू संवेदना पचवतो आणि विचार बाहेर टाकतो, हे काबानिसचे विधान त्या काळात अनेकांच्या घशाखाली उतरले नाही. व्होल्ने, गारा, दोनू, गँगने हीही त्याच वर्तुळातली नावे. ‘ला देकाद फिलोझोफिक’ हे त्यांचे नियतकालिक महिन्यातून तीनदा निघे.

याच सुमारास त्यांच्या सिद्धान्ताला हाडामांसाचा पुतळा मिळाल्यासारखे झाले. १८०० च्या जानेवारीत आव्हेरोंच्या जंगलातून बारा-एक वर्षांचा एक मुलगा लोकांच्या हाती लागला. अंगावर धड कपडे नाहीत, बोलता येत नाही, माणसांत राहण्याची सवय नाही. त्याला पॅरिसच्या मूकबधिर विद्यालयात आणले. तिथला तरुण डॉक्टर इतार कॉन्दियाक वाचलेला होता. याचे एकेक इंद्रिय जागे केले, गरजा वाढवल्या, तर भाषा आणि मन आपोआप उगवेल, अशा हिशेबाने त्याने त्या मुलाबरोबर काही वर्षे घालवली. त्याने मुलाचे नाव व्हिक्टर ठेवले. व्हिक्टर थोडी अक्षरे ओळखू लागला, माया करू लागला, रडू लागला, पण बोलायला काही शिकला नाही. इतारने आपल्या प्रयत्नांवर लिहिलेले दोन अहवाल आजही मतिमंद मुलांच्या शिक्षणाच्या इतिहासात वाचले जातात. पुस्तकातला पुतळा बोलला, जंगलातला मुलगा बोलला नाही. त्रासीच्या खंडांपेक्षा मला स्वतःला हे अहवाल जास्त मोलाचे वाटतात, कारण इतारने आपले अपयश त्यांत लपवलेले नाही.

खरी सत्ता मात्र शाळांमध्ये होती. १७९५ च्याच कायद्याने प्रत्येक प्रांतात एक ‘मध्यवर्ती शाळा’ उघडायची ठरली. बारा ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी असलेल्या या शाळांत लॅटिनची मक्तेदारी संपली. चित्रकला, निसर्गविज्ञान, गणित आणि भौतिकशास्त्र आले, आणि त्याबरोबर ‘सामान्य व्याकरण’ आणि ‘कायदेशास्त्र’ हे विषय. सामान्य व्याकरण म्हणजे भाषेच्या आडून शिकवलेली आयडिऑलॉजीच. धर्मशिक्षण नाही. १७९९ मध्ये त्रासी सार्वजनिक शिक्षणाच्या मंडळावर आला आणि त्याने देशभरच्या शिक्षकांना प्रश्नावल्या धाडल्या. काय शिकवता, कोणत्या पुस्तकांतून शिकवता, मुले किती येतात? उत्तरे फारशी सुखाची नव्हती. चित्रकलेचे आणि गणिताचे वर्ग भरत, सामान्य व्याकरणाच्या वर्गात बाके रिकामी राहत. शिक्षकांनाच विषय नीट कळलेला नव्हता. म्हणून त्रासीने १८०१ मध्ये या शाळांसाठी पाठ्यपुस्तक म्हणून ‘आयडिऑलॉजीची मूलतत्त्वे’चा पहिला खंड काढला. १८०३ मध्ये व्याकरणाचा आणि १८०५ मध्ये तर्कशास्त्राचा खंड आला. तोवर शाळाच उरल्या नव्हत्या.

आता नेपोलियन. डिसेंबर १७९७ मध्ये इटलीची मोहीम जिंकून आलेल्या या अठ्ठावीस वर्षांच्या सेनापतीला इन्स्टिट्यूटने पहिल्या वर्गात सभासद करून घेतले. त्याला याचा केवढा अभिमान! इजिप्तमध्ये काढलेल्या जाहीरनाम्यांवर तो आधी ‘राष्ट्रीय इन्स्टिट्यूटचा सभासद’ आणि मग ‘सरसेनापती’ अशी सही करी. १७९९ च्या नोव्हेंबरात त्याने संगिनींच्या जोरावर सत्ता घेतली, तेव्हा ओतॉयच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. काबानिस त्याच्या बाजूने बोलला. तो, व्होल्ने आणि त्रासी सेनेटर झाले. चुकीच्या कल्पना मनात कशा शिरतात हे शोधणाऱ्या शास्त्राला आपल्या दारात उभा असलेला माणूस ओळखता आला नाही, हा या कथेतला सर्वांत वाईट विनोद.

भांडण जुंपायला दोन वर्षेही लागली नाहीत. बोनापार्टला देश शांत हवा होता, आणि शांततेसाठी खेड्यापाड्यांतला कॅथलिक शेतकरी आपल्या बाजूला हवा होता. १८०१ मध्ये त्याने पोपशी करार केला. या मंडळींना तो विश्वासघात वाटला. ट्रिब्युनेट या सभागृहात बेंजामिन कॉन्स्टंट, दोनू, गँगने हे त्याच्या खास न्यायालयांविरुद्ध आणि कायद्याच्या मसुद्यांविरुद्ध बोलू लागले. १८०२ मध्ये त्यांची हकालपट्टी झाली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात मध्यवर्ती शाळा बंद करून त्यांच्या जागी लिसे आणण्याचा कायदा झाला. तिथे गणवेश होता, दिवसाच्या सूचना ढोल वाजवून दिल्या जात, लॅटिन परत आले. जानेवारी १८०३ मध्ये इन्स्टिट्यूटची फेररचना करून तो मधला वर्ग, शब्दाचे जन्मघरच, मोडून टाकण्यात आला. कोणाला तुरुंगात टाकले नाही. पगार चालू राहिले, सेनेटच्या खुर्च्या राहिल्या. फक्त बोलायची जागा काढून घेतली. १८०७ मध्ये ‘देकाद’ही दुसऱ्या नियतकालिकात विलीन करायला लावले.

या काळात एक बारीकशी गोष्ट घडली. त्रासी आणि त्याचे मित्र स्वतःला ‘इदेओलोजिस्त’ म्हणवत. बोनापार्टच्या तोंडी आला ‘इदेओलोग’. वास्तवाशी संबंध नसलेला, हवेत किल्ले बांधणारा, राज्यकारभारात नाक खुपसणारा बडबड्या, असा त्याचा अर्थ. पॅरिसच्या दिवाणखान्यांनी आणि वर्तमानपत्रांनी बोनापार्टचेच रूप उचलले. आज इतिहासाच्या पुस्तकांतही या पंथाला तेच नाव आहे.

शिवीचा कळस झाला तो २० डिसेंबर १८१२ ला. त्या वर्षी सहा लाखांच्या आसपास सैन्य घेऊन नेपोलियन रशियात उतरला होता. सैन्य रशियातून माघारी निघाले असताना, ऑक्टोबरच्या एका रात्री पॅरिसमध्ये माले नावाचा जनरल वेड्यांच्या इस्पितळातून निसटला. सम्राट रशियात मेला, असे खोटे फर्मान दाखवून त्याने काही तास राजधानी जवळपास ताब्यात घेतली. त्याला पकडून गोळ्या घालण्यात आल्या. पण नेपोलियनला झोंबले ते वेगळेच. सम्राट मेला असे ऐकल्यावर त्याच्या लहानग्या मुलाला गादीवर बसवायचे कोणाच्याही मनात आले नव्हते. आपले घराणे लोकांच्या डोक्यात रुजलेच नाही, हे त्याला कळून चुकले. १८ डिसेंबरच्या रात्री तो पॅरिसला पोचला आणि दोन दिवसांनी राज्यमंडळासमोर त्याने अपराधी कोण ते सांगितले. थंडी नाही, रसद नाही, स्वतःचा निर्णय तर नाहीच. फ्रान्सवर आलेल्या साऱ्या संकटांचे मूळ आयडिऑलॉजीत आहे, हे धूसर तत्त्वज्ञान आद्य कारणे उकरून त्यांवर कायदे रचू पाहते, आणि माणसाचे हृदय व इतिहासाचे धडे यांच्याकडे पाठ फिरवते, असा त्याच्या भाषणाचा आशय होता. दुसऱ्या दिवशी सरकारी वर्तमानपत्राने ते छापले. युरोपभर आणि समुद्रापार, थेट क्विन्सीपर्यंत, हा शब्द पसरला तो या भाषणामुळे.

तेव्हा काबानिसला मरून चार वर्षे झाली होती आणि मोडलेल्या वर्गाला दहा होत आली होती. त्रासीची दृष्टी मंदावत चालली होती. माँतेस्क्यूवर त्याने लिहिलेले भाष्य फ्रान्समध्ये छापणे शक्य नव्हते. त्याने ते जेफरसनकडे पाठवले आणि १८११ मध्ये फिलाडेल्फियात ते लेखकाच्या नावाविना इंग्रजीत निघाले. चौथ्या खंडातल्या अर्थशास्त्राचे भाषान्तर तर जेफरसनने स्वतः बसून सुधारले. उरलेला हिशेब त्रासीने एप्रिल १८१४ मध्ये चुकता केला. शत्रूच्या फौजा पॅरिसमध्ये होत्या. सेनेटमध्ये नेपोलियनला पदच्युत करण्याचा ठराव आला, आणि तो मांडण्यात या मितभाषी सेनेटरचा पुढाकार होता.

विद्वानांच्या सभांतून हाकललेले हे शास्त्र त्यानंतर त्रासीच्या दिवाणखान्यात तग धरून राहिले. तिथे येणाऱ्यांत कादंबरीकार स्तेंदाल होता. ग्रेनोबलच्या मध्यवर्ती शाळेत गणित शिकलेला हा मुलगा तरुणपणी त्रासीचे खंड वाचून भारावून गेला होता. १८२२ मध्ये त्याने प्रेमावर पुस्तक लिहिले आणि त्याला ‘आयडिऑलॉजीचे पुस्तक’ म्हटले, मग घाबरून तळटीपेत वाचकांची माफीही मागितली. त्या पुस्तकाचे हस्तलिखित त्याने एका तरुण मित्राला तपासायला दिले होते. त्याचे नाव व्हिक्टर झाकमाँ. झाकमाँचे वडील त्रासीचे जुने स्नेही, ट्रिब्युनेटमध्ये बसलेले. प्रयोगशाळेत विषारी वायूने छाती बिघडली तेव्हा हा मुलगा हवापालटासाठी राहिला तो लाफायेतच्या वाड्यात. लाफायेतच्या मुलाशी त्रासीच्या मुलीचे लग्न झालेले, म्हणजे सगळा गोतावळा एकच.

हा झाकमाँ महाराष्ट्रात येऊन पोचला. पॅरिसच्या वनस्पती उद्यानाने त्याला नमुने गोळा करायला हिंदुस्थानात धाडले होते. १८२९ मध्ये तो कलकत्त्यात उतरला, हिमालयात हिंडला, लाहोरला रणजितसिंहाच्या दरबारात मानाने राहिला, काश्मीर पाहून दक्षिणेत वळला. १८३२ चा पावसाळा त्याने पुण्यात काढला आणि तिथेच आजारी पडला. तिथून मुंबई. यकृतात गळू झाले होते. १ डिसेंबरला त्याने अंथरुणातून भाऊ पोर्फीर याला निरोपाचे पत्र लिहिले आणि ७ डिसेंबर १८३२ ला, एकतिसाव्या वर्षी, तो मुंबईत वारला. त्याला तिथेच पुरले. १८८१ मध्ये त्याचे अवशेष पॅरिसला नेले. प्रवासातून त्याने लिहिलेल्या पत्रांत म्हाताऱ्या त्रासीला आणि त्याच्या मुलाला लिहिलेली पत्रेही आहेत. ती वाचताना कळते की देव, जात, राजा, साहेब यांपैकी कशानेही सहजी दबून न जाणारी, थोडी खट्याळ, हिशेबी नजर या दिवाणखान्याने आपल्या पोरांना दिली होती. शास्त्र म्हणून आयडिऑलॉजी फसली असेल, पण स्वभाव म्हणून ती फसली नाही.

झाकमाँ मुंबईत अखेरच्या आजारात होता त्याच ऑक्टोबरात पॅरिसमध्ये मंत्री गिझो याने इन्स्टिट्यूटचा मोडलेला वर्ग ‘नैतिक आणि राजकीय शास्त्रांची अकादमी’ म्हणून पुन्हा उभा केला. हयात असलेले जुने सभासद परत बोलावले. त्यांत आंधळा झालेला त्रासीही होता. १८३६ मध्ये तो गेला.

आणि आठ वर्षांनी पॅरिसमध्ये एका पंचवीस-सव्वीस वर्षांच्या जर्मन माणसाने त्याचा खंड उघडला. कार्ल मार्क्सने १८४४ मध्ये त्रासीच्या अर्थशास्त्राची टिपणे काढली. पुढे ‘कॅपिटल’मध्ये त्याने त्रासीची संभावना थंड रक्ताचा बूर्झ्वा पंडित अशी केली. म्हणजे शब्दाचा खरा जनक त्याला चांगला ठाऊक होता. तरी शब्द वापरताना त्याने उचलला तो नेपोलियनचा अर्थ. १८४५ मध्ये एंगल्सबरोबर काढलेल्या ‘पवित्र कुटुंब’ या पुस्तकात नेपोलियनच्या ‘इदेओलोगां’विषयीच्या तिरस्काराचा उल्लेखही आहे. जर्मनीत हा शब्द याच तिरस्काराच्या वाटेने आला होता. मार्क्सचे गाव ट्रिअर तर १८१४ पर्यंत फ्रेंच अमलाखालीच होते.

ब्रुसेल्समध्ये १८४५-४६ मध्ये मार्क्स आणि एंगल्स यांनी ‘जर्मन आयडिऑलॉजी’ लिहिली. त्यांचे लक्ष्य होते बर्लिनचे तरुण तत्त्वज्ञ. जगावर कल्पना राज्य करतात, कल्पना बदलल्या की जग बदलेल, असे मानणारे. मार्क्सने नेपोलियनच्या शिवीत एक नवी गोष्ट घातली. नेपोलियनच्या लेखी इदेओलोग नुसता हवेत तरंगणारा होता. मार्क्सने विचारले, हा हवेत का तरंगतो, आणि त्याच्या तरंगण्यामुळे कोणाचे फावते? श्रमाची विभागणी होऊन डोक्याने काम करणारे हाताने काम करणाऱ्यांपासून तुटले, म्हणून त्यांना विचार स्वयंभू वाटू लागले. आणि ज्या वर्गाकडे उत्पादनाची साधने, त्याचेच विचार साऱ्या समाजाचे विचार म्हणून चालतात. त्रासीचा शास्त्रज्ञ कल्पना तपासणारा होता, मार्क्सच्या हाती तोच आरोपी झाला.

त्या हस्तलिखिताला प्रकाशक मिळाला नाही. उंदरांच्या कुरतडणाऱ्या टीकेच्या स्वाधीन केले, असे मार्क्सने १८५९ मध्ये थट्टेने लिहून ठेवले. पूर्ण ग्रंथ छापून आला १९३२ मध्ये. म्हणजे मार्क्सच्या नावाने आयडिऑलॉजीवर बोलणाऱ्या पहिल्या दोन पिढ्यांनी त्याचे याच विषयावरचे मुख्य लेखन पाहिलेच नव्हते. त्यांच्या हाताशी होती ती प्रस्तावनांतली वाक्ये आणि एंगल्सची पत्रे. विचार करणाऱ्याला आपल्या विचाराची खरी कारणे दिसत नाहीत आणि त्याची जाणीव खोटी असते, ही मांडणी १८९३ मध्ये एंगल्सने मेहरिंगला लिहिलेल्या पत्रातली. लेनिनने तर १९०२ मध्ये शब्दाची शिवीच काढून टाकली. आयडिऑलॉजी दोनच, एक बूर्झ्वा आणि एक समाजवादी, मधली वाट नाही, असे त्याने ठणकावले. जे आरोप म्हणून दुसऱ्यावर फेकायचे ते आता आपल्या झेंड्यावर लिहायचे झाले. पक्षाला आयडिऑलॉजी असलीच पाहिजे, कार्यकर्त्याने ती शिकलीच पाहिजे, ही आपल्याकडच्या डाव्या-उजव्या साऱ्या पक्षांच्या शिबिरांत गृहीत असलेली गोष्ट तिथून सुरू होते. नेपोलियनची शिवीही मेली नाही. एकाच सभेत एकच वक्ता स्वतःच्या विचारधारेबद्दल अभिमानाने बोलतो आणि विरोधकाला ‘आयडिऑलॉजिकल’ म्हणून झटकतो, तेव्हा दोन्ही अर्थ शेजारी-शेजारी बसलेले असतात.

शब्दाची ही उलथापालथ नीट पाहिली ती मुसोलिनीच्या तुरुंगात बसलेल्या इटालियन मार्क्सवादी ग्राम्शीने. आपल्या वह्यांत त्याने नोंदले की हा शब्द मूळचा संवेदनावादाचा, अठराव्या शतकातल्या फ्रेंच भौतिकवादाचा. तिथे त्याचा अर्थ कल्पनांच्या उगमाचा शोध असा होता. तो ‘कल्पनांची अमुक एक व्यवस्था’ असा कसा झाला, हे इतिहासाने तपासायला हवे. समाजशास्त्रज्ञ कार्ल मानहाइम १९२९ मध्ये आणखी पुढे गेला. विरोधकाचेच विचार त्याच्या जागेने ठरतात असे का म्हणायचे, आपलेही तसेच ठरत असतील, असा प्रश्न त्याने ‘आयडिऑलॉजी आणि युटोपिया’त केला. मार्क्सवाद्यांना हे रुचले नाही, आणि नाझींना मानहाइम ज्यू म्हणून नको होता. १९३३ मध्ये फ्रँकफर्टची प्राध्यापकी गेली आणि तो लंडनला निघून गेला.

दुसऱ्या महायुद्धानंतर शब्दाचे बारावे घालायचीही तयारी झाली. सप्टेंबर १९५५ मध्ये मिलान शहरात ‘काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम’ या संस्थेने मोठी परिषद भरवली. रेमों आरों, एडवर्ड शिल्स, डॅनियल बेल हे तिथे होते. डावे-उजवे जुने वाद आता निकालात निघाले, उरले ते तपशिलाचे प्रश्न, असा तिथला सूर. शिल्सने त्याचा वृत्तान्त लिहिला आणि शीर्षकातच आयडिऑलॉजीचा अंत झाला काय, असे विचारले. बेलने १९६० मध्ये ‘द एंड ऑफ आयडिऑलॉजी’ या नावाने पुस्तक काढले. आरों १९६३ मध्ये त्याच अकादमीत निवडून गेला, जी त्रासीच्या मोडलेल्या वर्गातून उभी राहिली होती. १९६६-६७ मध्ये अमेरिकन वर्तमानपत्रांनी आणि मासिकांनी त्या काँग्रेसचे हिशेब बाहेर काढले. तिच्या खर्चाचा मोठा वाटा वर्षानुवर्षे सीआयए गुपचूप उचलत आली होती.